दहापर्यंत मोजायचं

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. तनू पाचवीत गेली. सर नवीन, बोऱ्हाडे सर, बदली होऊन आलेत. हजेरीला तिच्या नावाशी थांबले म्हणे. "तनुजा?" ही उभी, मान खाली. "अगं, हजर म्हण की." नाही. मग तिची मैत्रीण सानिकाच म्हणाली, "सर, ती बोलत नसती शाळेत. हाये ती हजर." पहिलीपासून हिची हजेरी सानिकाच देते.

सुटल्यावर सरांनी मला फाटकाशी गाठलं. "वहिनी, मुलीला ऐकू नीट येतं ना?"

ऐकू येतं म्हणावं! घरी आली, दप्तर फेकलं, आणि मी ब्लाउजला काजं करत बसले होते तोवर अख्खा वर्ग करून दाखवला. सर कसे चालतात, फळ्यावर लिहिताना खडू कसा मोडतो, मागच्या बाकावरचा कोण कसा जांभई देतो. हसता हसता सुई बोटात गेली माझ्या. चार वर्षं हेच. घरात तोंड मिटत नाही, फाटकाच्या आत एक शब्द नाही.

१९ जून, गुरुवार

ह्यांची सुट्टी. चाकणच्या कंपनीतून सकाळीच आले. चहा झाला नाही तोच मालनताईंचा फोन, ह्यांची थोरली बहीण. पुण्यात मुक्या मुलांची शाळा बघून ठेवलीय त्यांनी. राहायची सोय तिथंच. फॉर्म पाठवते म्हणाल्या.

"मुकी नाही ती," मी ह्यांना म्हटलं.

"मला म्हाईत न्हाई व्हय? माझ्याशी बोलतीच की. पण शाळंत काय? दरवर्षी लिहून येतं, तोंडी परीक्षा घेता आली न्हाई. पोरीला वाचता येतं का न्हाई, कुणाला कळंना. आसंच दहावीपर्यंत ढकलायचं का?"

मी चहा गाळून दिला.

ठरलं असं: दिवाळीपर्यंत बघायचं. फरक पडला नाही तर सुट्टीनंतर पुणं.

तनू आतल्या खोलीत चित्र रंगवत होती. ऐकलं असणार. जेवताना अर्धीच भाकरी खाल्ली.

२४ जून, मंगळवार

आज कुंदा मॅडम भेटल्या. विशेष शिक्षिका. बऱ्याच शाळा फिरतात, आमच्या शाळेला दर मंगळवारी. सरांनीच मला बोलावून घेतलं. स्कूटीवरून येतात, हेल्मेट काढलं की केस सगळे उभे. आधी वाटलं ह्या काय शिकवणार.

तनूकडे बघितलंच नाही त्यांनी. जमिनीवर बसून चित्राचे तुकडे जोडत राहिल्या. माझ्याशी गप्पा, मध्येच तनूला एखादा प्रश्न. अर्ध्या तासाने तनूला खेळायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "ताई, मी तिला अकरा प्रश्न विचारले. अकराही उत्तरं तुम्ही दिलीत."

राग आला. घरी येताना ओढ्याशी पोचले आणि रडूच फुटलं. कारण खरं होतं ते. नाव काय बाळा, तनुजा हो. कितवीत, पाचवीत. गोळी पाहिजे का, नको नको, खोकला झालाय तिला. चार वर्षं मीच.

मॅडम म्हणाल्या ते लिहून ठेवते. हा हट्ट नाही. मुकेपणा नाही. भीती आहे. तिला बोलायचं असतं, घसा आवळतो. कुणी तिला काही विचारलं की मी मनात दहापर्यंत मोजायचं, तोंड बंद. दहा झाले तरी बंद. 'बोल ना' म्हणायचं नाही. बोलली तर कौतुक नाही. आणि रोज टिपून ठेवायचं, कुठं, कुणाशी, किती.

म्हणून ही वही. मापांची जुनी वही आहे, मागच्या बाजूने लिहितेय. वरचे दोन दिवस आठवून टिपलेत.

तनूला विचारलं, शाळेत काय होतं गं तुला?

"बोर अडकल्यासारखं व्हतं. बीसकट."

२६ जून

किराणा दुकान. अण्णांनी विचारलं, "काय पायजे तनूबाई?" मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... सातला माझ्याच तोंडून निघालं, "अर्धा किलो साखर." सात! दहासुद्धा नाही जमलं. आपण मोठे म्हणवतो.

२७ जून

नऊ.

१ जुलै, मंगळवार

मॅडमना खरं खरं सांगितलं, नऊपर्यंत गेले. हसल्या. म्हणाल्या, तुमचंच शिक्षण आधी.

नवीन युक्ती दिली. दुकानात चिठ्ठी घेऊन पाठवायची, पण चिठ्ठी अर्धवट. फक्त 'पाव किलो' लिहायचं. अण्णांना आधी सांगून ठेवलं. अण्णा हातातलं काम सोडून ऐकत होते. "म्हंजी मी येड्यासारखं विचारायचं, काय पाव किलो?" हो म्हटलं. "ते मला जमंल."

३ जुलै

पहिली चिठ्ठी. अण्णा, "काय पाव किलो?" तनूने डब्याकडे बोट दाखवलं. अण्णांनी शेजारचा डबा उघडला. हिने मान हलवली. अण्णांनी तिसराच. दहा मिनिटं हा खेळ. शेवटी शेंगदाणे घेऊन आली. घरात पाय टाकल्या टाकल्या, "आण्णांना काय पण कळत न्हाई!" म्हणून माझ्यावरच ओरडली.

शब्द शून्य. पण रागावली म्हणजे बोलावंसं वाटलं असणार.

८ जुलै, मंगळवार

आज मी घाण केली.

परवा तनू मराठीचा धडा मोठ्याने वाचत होती, काय सुरेख वाचते, मी मोबाइलवर घेतलं. तिला माहीत होतं, पण पप्पांना पाठवायला म्हणून. आज शाळेत सरांनी परत विचारलं, वाचता येतं का हो तिला? माझ्याने राहवलं नाही. लावलं. सर ऐकतच राहिले. "ही तनुजा? अहो, वर्गात एवढं स्पष्ट कुणी वाचत नाही." मला असं मोकळं वाटलं.

मागे वळले तर तनू दारात.

काही नाही बोलली. घरीसुद्धा नाही.

९ जुलै

घरी शून्य. पहिल्यांदा. जेवायला हाक मारली, आली, जेवली, गेली. मशीन चालवत होते, नेहमी शेजारी बसून बडबडते. आज मशीनचाच आवाज.

ह्यांना फोन केला. हे म्हणाले, तू तिला न विचारता का लावलंस? मी म्हटलं चुकलं. "मग मला कशाला सांगतीस, तिला सांग."

१० जुलै

सांगितलं. शेजारी बसून, तिच्याकडे न बघता. मी तुला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. चुकले. तुझ्यासमोर मोबाइलमधून पुसून टाकते.

मनात मोजलं. दहा झाले, वीस झाले. चाळिसाच्या पुढे कधीतरी,

"पुसू नको. पप्पांना ऱ्हाऊ दे. पन सरांला परत न्हाई."

बरं म्हटलं. आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

१४ जुलै, सोमवार

मॅडमनी आखून दिल्याप्रमाणे आजपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास, रिकामा वर्ग, फक्त मी आणि तनू. सापशिडी नेली. दार लावलेलं. फासा पडला की आकडा म्हणायचा. पहिले पाच-सहा डाव बोटांनी. मग साप गिळायला लागला माझी सोंगटी, तेव्हा हसली. आवाज आला हसण्याचा. वर्गात!

मग एकदा, "चार."

कुजबूजच, पण फळ्यासमोर बसून. मी नुसतं सोंगटी पुढे सरकवली.

१७ जुलै

दार अर्धं उघडं. आकडे सगळे म्हणाली, कुजबुजून. बाहेर मंदाताई, भात शिजवणाऱ्या, पातेली घासत होत्या. भांडं आपटलं की तनू गप्प, थांबलं की परत.

२० जुलै, रविवार

मढला आलोय, माझ्या भावाकडे, भाताच्या आवणीला. चिखलात ओळीने वाकून सगळ्या. तनूला रोपांच्या मुठी पोचवायचं काम. माझ्या मागच्या ओळीत वरच्या वाडीतल्या ठकूबाई होत्या, तनूने आयुष्यात बघितलेल्या नाहीत.

"ए पोरी, मूठ टाक हिकडं."

"मोठी का ल्हान?"

मी वाकलेलीच राहिले. कान मागे. ठकूबाई म्हणाल्या, "मोठी दे की, ल्हान काय करू?" आणि मग दोघींचं चालूच. कुठल्या गावची, बाप काय करतो, तिकडं भात पिकतो का. "आमच्याकडं टोमॅटो आन् कांदा." अर्धा तास! कोणी आलं नाही बघायला, कोणी नवल केलं नाही. कंबर मोडली तरी उभी राहिले नाही मी, म्हटलं उभी राहिले की थांबेल.

संध्याकाळी विचार करत बसले, इथं कसं जमलं? सगळ्या वाकलेल्या. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. हात कामात. आणि तिला मुकी म्हणून ओळखणारं तिथं कुणी नव्हतं.

२२ जुलै, मंगळवार

मॅडमना मढचं सांगितलं. त्यांनी डायरी काढून लिहून घेतलं! माझं बोलणं. म्हणाल्या, आता समोरासमोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. आणि हाताला काम द्यायचं.

१ ऑगस्ट

सापशिडीला आता सानिका. आधी दोन दिवस दाराबाहेर, मग दारात, आज शेजारी. सानिका तशी लई चांगली पोर, पण सवय. तनूचा फासा पडला की हीच ओरडते, "पाच!" तिलापण दहा मोजायला शिकवलं. तोंडावर हात दाबून बसते बिचारी, डोळे मोठे करून.

तनू सानिकाशी शाळेत बोलली. "तुझी पाळी." दोन शब्द.

१२ ऑगस्ट

अण्णांच्या दुकानात "गूळ" म्हणाली. अण्णांनी पाव किलो गूळ दिला आणि ती गेल्यावर मला फोन. "वहिनी, बोलली! आन् मी काय पन केलं न्हाई, तुमी सांगितल्यावानी. पुडी बांधताना दोरा तुटला माझा."

२१ ऑगस्ट, गुरुवार

काय दिवस!

दुपारी शाळेत मसालेभात. मंदाताईंच्या हातून मीठ जास्त पडलेलं. पोरं गुपचूप गिळतायत, कारण मंदाताईंना कोण सांगणार. आणि तनू, सगळ्या पंगतीत, मोठ्याने,

"लई खारट झालाय."

झालं. आधी एकदम शांतता. मग कुणीतरी ओरडलं, तनुजा बोलली! टाळ्या, शिट्ट्या, ताटं वाजवली. सरांनी तिला पुढे घेतलं, पाठ थोपटली, माइकवर सांगितलं. मला फोन. मी कात्री टाकून पळत गेले. मंदाताई रडत होत्या, "माझ्या भातानं बोलली पोरगी." घरी येईपर्यंत पाच जणींनी थांबवलं. ह्यांना कळवलं, तिकडे हे पण खूश.

तनू मात्र गप्प आहे. दमली असेल.

२२ ऑगस्ट

पोट दुखतंय म्हणते. शाळेत नाही गेली.

२३ ऑगस्ट

परत पोट. ताप नाही, काही नाही. गोधडीत. "सगळे बघत्यात," एवढंच. बाहेर पडायला तयार नाही, सानिका आली तर भेटली नाही. दुकानात पण नाही.

दोन महिन्यांचं एका दुपारीत गेलं. मीपण टाळ्या वाजवल्याच की, पोचले तेव्हा.

मॅडमना फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "सरांशी मी बोलते. तुम्ही काही करू नका. नेहमीसारखं घर चालू द्या."

२५ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी पाचला बोऱ्हाडे सर घरी. हातात पिशवी, पिशवीत पँट. "वहिनी, लांब होते, थोडी आखूड करून द्याल?" पँट अगदी बरोबर होती, मला कळलं. माप घेतल्यासारखं केलं.

तनू आतल्या खोलीच्या दाराआड. सर तिकडे पाठ करून बसले. माझ्याशीच बोलले. "आज वर्गाला मी सांगितलं, गुरुवारी माझं चुकलं. कुणी बोललं तर टाळ्या वाजवायच्या नसतात. उत्तर द्यायचं असतं. कुणी खारट म्हणालं तर आपण काय म्हणायचं? पोरं म्हणाली, हो सर, खारट आहे." मग चहा प्याले. मग म्हणाले, "मंदाताईंनी आज मीठ कमी टाकलं. मला विचारत होत्या, बरोबर झालं का. मला काही कळेना चवीतलं."

मी टीप घालत राहिले.

सर उठले. बाहेर पायरीवर बसून बूट घालत होते. नाडी बांधायला जरा जास्तच वेळ लागला त्यांना. आणि आतून,

"उद्या बघते मी."

सरांनी मागे वळून बघितलं नाही. "बरं," म्हणाले, आणि निघाले. मी खिडकीतून बघितलं, गोठ्याच्या वळणावर थांबून चष्मा पुसत होते.

२६ ऑगस्ट

गेली. भात बरा होता म्हणे. मंदाताईंच्या कानात सांगितलं.

उद्या गणपती. अकरा ब्लाउज बाकी. आज एकाच बैठकीत चार केले, हात असा चालला!

९ सप्टेंबर, मंगळवार

वर्गात: सानिकाशी बोलते, कुजबुजून. सरांशी नाही. पण विचारलं तर मान हलवते, आधी तेपण नव्हतं. मॅडम म्हणतात उतरणीला लागलेली गाडी नाही ही, चढ आहे, थांबत थांबतच जाणार.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तोंडी परीक्षा. इथंच सगळं अडायचं.

सरांनी वर्गात नाही घेतली. व्हरांड्याच्या पायरीवर बसले, तनू शेजारी, दोघांची तोंडं मैदानाकडे. सरांच्या हातात निवडायचे तांदूळ, तिच्या मांडीवर पुस्तक. मी आणि मॅडम पाण्याच्या टाकीमागे. मॅडमनी माझा दंड धरून ठेवला होता, का मी त्यांचा, आता आठवत नाही.

पहिली ओळ ऐकूच आली नाही. दुसरी पण नाही. ओठ हलत होते. मग वाऱ्याबरोबर आला आवाज, बारीक, पण तिचाच. एक परिच्छेद आणि पुढचा अर्धा. मग पुस्तक मिटलं.

सर म्हणाले, "त्यात कोळी का थांबला होता?"

एक दोन तीन चार पाच... मी मोजत होते, मॅडमचे पण ओठ हलत होते.

"जाळं फाटलं व्हतं म्हणून."

"बरोबर," सर म्हणाले आणि तांदळातला खडा काढून टाकला.

प्रगतीपुस्तकावर तोंडी परीक्षेच्या रकान्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं गेलं. आत्तापर्यंत रेघ असायची.

४ ऑक्टोबर, शनिवार

नारायणगावला गेलो, अस्तर आणि दोरे आणायला. दुकानात तनूने सांगितलं, "लाल अस्तर. दोन मीटर." दुकानदाराने न बघता फाडून दिलं. त्याला काय माहीत काय फाडलं त्याने.

येताना जीप. टोमॅटोच्या गाड्यांनी हायवे तुंबलेला, जीपमध्ये चौदा माणसं. चढतानाच तनूशी ठरलं होतं, फाट्यावर थांबवायला ती सांगणार. मी नाही.

फाटा आला. मी मोजायला लागले. फाटा गेला. तनूने माझा हात गच्च धरलेला, ओठ पांढरे. पोल्ट्री गेली. ओळखीचा पेट्रोलपंप गेला. जीभ दाताखाली धरली मी. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आवो, तुमाला मागं उतरायचं नव्हतं का?" मी मान हलवली फक्त. त्यांना वाटलं असेल हीच मुकी.

आणि मग, केवढ्याने!

"ओ भाऊ, थांबवा! आमचा फाटा गेला!"

ड्रायव्हरने ब्रेक मारला. "आगं मग आधी न्हाई का सांगायचं?"

"आधी जमलं न्हाई."

जीपमधली माणसं हसली. तनू पण हसली. ड्रायव्हर म्हणाला, "बरं बरं, सावकाश उतरा."

दोन किलोमीटर मागे चाललो उन्हात, अस्तराचं गाठोडं डोक्यावर. सगळ्या रस्त्याने हिची बडबड. "आई, तुला पंप गेल्यावर भीती वाटली का? मला वाटलं आता थेट पुण्यालाच जातोय." मी म्हटलं मलापण तेच वाटलं. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हसलो. पाय दुखतायत. खूप दिवसांनी असे दुखतायत.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. मालनताई आल्या. तनू त्यांच्यासमोर एक अक्षर नाही. "काय गं, आत्याशी बोलायचं न्हाई? बोल की. बोल ना. आगं बोल!" प्रत्येक 'बोल'ला ती एक पाऊल मागे. मालनताई वाईट नाहीत, जीव आहे त्यांचा. पण चार महिन्यांचं काय दाखवू ह्यांना?

"बघ, आजून तशीच हाये," ह्यांना म्हणाल्या. "फॉर्म भरला का न्हाई?"

हे ताटावर बसलेले. मी ह्यांच्याकडे बघत नव्हते, चुलीकडे बघत होते. मोजलं. खरंच मोजलं, सवयच लागलीय.

"आक्का, ती बोलंल तवा बोलंल. जाऊ दे आता. तू करंजी घे."

"आन् फॉर्म?"

"कंपनीतच ऱ्हायला."

"मग आण की."

"न्हाई आणायचा."

एवढंच. परत जेवायला लागले. मालनताई जरा फुगल्या, मग निघताना तनूच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवून गेल्या. 'बोल' म्हणाल्या नाहीत.

ह्यांना नंतर विचारलं, कधी ठरवलंत? म्हणाले, "तू जीपचं सांगितलंस तवाच. पोरगी ड्रायव्हरला उलटून बोलती. आता काय!"

पाठ टेकली भिंतीला आणि जून महिन्यापासून पहिल्यांदा वाटलं, बसावं जरा.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळा परत सुरू. पोट दुखलं नाही. हजेरीला हात वर करून "हजर" म्हणाली, आवाज बारीक. कुणी वळून बघितलं नाही म्हणे. सरांनी पुढचं नाव घेतलं.

मॅडम आता दोन आठवड्यांतून एकदाच येणार. दुसऱ्या एका शाळेत असाच एक पोरगा सापडलाय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सरांचा फोन. "वहिनी, जरा येऊन जा. तनुजाने भांडण केलंय."

मी दोनदा विचारलं, कुणी? तनुजाने? हसू दाबत गेले. पोचले तर सानिका हुंदके देत बाकावर, आणि तनू खिडकीशी, नाक लाल.

झालं असं, सरांनी तनूला भूगोलातला प्रश्न विचारला. सानिकाने सवयीने उत्तर दिलं. तेपण चुकीचं. तनू उभी राहिली आणि सगळ्या वर्गासमोर,

"तू गप की! मला इचारलंय!"

वर्ग हसला. सानिकाचा बांध फुटला.

मला काय करावं कळेना. पोरगी भर वर्गात बोलली, तेपण ओरडून, ह्याचा आनंद आहेच. पण सानिकाचं तोंड बघवेना. पहिलीपासून हिची हजेरी, हिचं पाणी, हिचं पोट दुखतंय हे सरांना सांगणं, सगळं त्या पोरीने केलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आणि आता एकदम गप की. मला आतून समजलं तिचं. मीपण तेच केलं होतं चार वर्षं.

२० नोव्हेंबर

दोघींचा अबोला. सानिका दुसऱ्या बाकावर बसते. तनू येऊन मला सगळं सांगते, "ती नाटकं करती." पण डबा अर्धा परत येतो.

सानिकाची आई गिरणीत भेटली. तीपण म्हणाली, पोरगी जेवत नाही. "आपण दोघी बसवून मिटवू का?" मला लई वाटलं हो म्हणावं. मिटवायला मला काय, पाच मिनिटांचं काम. तनू, सॉरी म्हण. सानिका, हात मिळव.

नको म्हटलं. थांबू जरा. तीपण हो म्हणाली, पण तिला पटलं नसावं. मलाच कुठं पटलंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी तनू मशीनशेजारी येऊन बसली. बराच वेळ बॉबिनचा दोरा गुंडाळत राहिली.

"आई, सॉरी म्हणू का?"

मी मनात मोजायला लागले.

"सॉरी म्हणलं तर तिला वाटंल, मी परत गप बसनार. मला गप बसायचं न्हाई. पन ती पायजे."

मशीन थांबवली मी. जिभेवर सगळं तयार होतं, काय म्हण, कसं म्हण, आधी हसून बघ. गिळलं.

"मग तेच सांगू का तिला?" स्वतःशीच म्हणाली. उठली. वेणी परत घातली, माझ्याकडून नाही, स्वतःच, वाकडी. चपला घातल्या. दारातून वळून विचारलं, "तिनं दारच न्हाई उघडलं तर?"

"मला माहीत नाही," म्हटलं. खरंच नव्हतं माहीत.

गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत दिसली, मग नाही. सानिकाचं घर देवळाच्या पलीकडे, पाच मिनिटांचं अंतर. आता पाऊण तास झाला.

ब्लाउजची बाही उलटी शिवली गेली. उसवतेय.